चेन किती इंचाची घेऊ? पोरांसाठी लेंथचा सरळ हिशोब

चेन घ्यायला गेलं की पोरं आधी डिझाईन बघतात, मग जाडी, मग भाव, आणि लेंथ मात्र दुकानदाराच्या ट्रेमध्ये जी असेल ती. घरी येऊन आरशात बघितलं की काहीतरी गंडलंय एवढं कळतं पण काय ते कळत नाही, मग शिव्या चेनला. अरे चेन बरोबर आहे, ती फक्त दोन इंच वर लटकतेय. लेंथ ठरते दोन गोष्टींवरून, तुझी मान केवढी आणि तू जे टीशर्ट रोज घालतोस त्यांचा गळा कुठे येतो. हाईट, छाती, पेंडंट हे सगळं त्याच्यानंतर.

तर आधी मान मोज. टेलरची टेप असेल तर उत्तम, नसेल तर साधा दोरा घे आणि मग तो पट्टीवर धर. मोजायचं कुठे तर मानेच्या अगदी खाली, जिथे मान खांद्याला मिळते तिथे, वर कंठाजवळ नाही. समजा १५ इंच आली, तर १७ च्या खालची कुठलीच चेन बघायची पण नाही, ती घशाला लागते. चार-पाच इंच मिळवले की गळ्याच्या हाडाच्या आसपास येते, सहा-सात मिळवले की हाडाच्या खाली मोकळी पडते. जिम करून ज्यांची मान १७ वर गेलीये त्यांनी मित्राची २० इंचाची चेन बघून तीच ऑर्डर करायची नाही, मित्राच्या गळ्याच्या हाडावर जी पडते ती तुझ्या मानेजवळ वर बसणार, तुला तसाच लूक पाहिजे तर २२ घ्यावी लागेल.

अजून एक गोष्ट फार कमी लोकांच्या डोक्यात असते. लेंथ दोन इंच वाढवली म्हणजे चेन दोन इंच खाली येत नाही, साधारण एकच इंच येते, कारण वाढलेला भाग दोन्ही बाजूंना वाटला जातो. म्हणून २० आणि २२ मध्ये काय फरक पडतो असं वाटत असेल तर खरंय, फरक बोटभरच आहे, पण तो बोटभर फरकच टीशर्टच्या गळ्याशी खेळ करतो.

सरासरी मानेच्या पोराला १८ इंच म्हणजे मानेच्या बुडाशी, २० म्हणजे गळ्याच्या हाडावर, २२ म्हणजे छातीच्या वरच्या भागात, २४ म्हणजे छातीच्या मध्याकडे, आणि ३० म्हणजे पोटाकडे निघालेली. मधले २६, २८ पण मिळतात पण ते मुख्यतः पेंडंटवाल्यांसाठी.

आता खरा विषय, टीशर्ट. आपल्याकडे ठाण्यात काय नि वाशीत काय, पोरांच्या कपाटात निम्म्याहून जास्त राउंड नेकच असतात. राउंड नेकची जी जाड पट्टी असते ना गळ्याला, चेन त्या पट्टीवर पडली की लूक संपला. अर्धी आत, अर्धी बाहेर, चालताना एक बाजू घुसते, मग दिवसभर बोट घालून बाहेर काढत बसायचं. १८ इंचाची चेन बहुतेक राउंड नेकवर नेमकी तिथेच पडते. म्हणून नियम असा ठेव की चेन एकतर स्पष्ट आत पाहिजे नाहीतर स्पष्ट बाहेर, बॉर्डरवर नको. राउंड नेकवर बाहेर घालायची तर २२, मान बारीक असेल तर २० पण चालते. ओव्हरसाईज ड्रॉप शोल्डरवाला (खांद्याची शिवण दंडावर येते तो) टीशर्ट असेल तर २२ ते २४, कारण कापडच एवढं असतं की छोटी चेन त्यात हरवते. वर प्रिंट असेल तर बघ की चेन प्रिंटच्या वर थांबतेय की मधोमध चाललीये, अक्षरांवरून चेन गेली की दोन्ही वाया.

शर्टचं गणित उलटं आहे. वरची दोन बटणं उघडी ठेवून घालणारा असशील, विशेषतः ते उघड्या कॉलरचे हाफ शर्ट जे सध्या सगळे घालतात, तर १८ किंवा २० घे, ती अंगावर पडते आणि उघड्या जागेत पूर्ण दिसते. २४ घातली तर खालचा भाग बटणामागे जातो आणि फक्त दोन तारा दिसतात, अजिबात घालू नकोस. व्ही नेकला पण तेच, चेन व्ही च्या टोकाच्या वर संपली पाहिजे. हुडी असेल तर २४ च्या खाली जाऊ नकोस, टोपीचं कापड मानेभोवती जमा होतं आणि चेन वर ढकलली जाते, पण ठाण्याच्या हवेत हुडी घालणारे दिवस किती असतात ते पण बघ, त्यासाठी वेगळी चेन घेण्यात काही अर्थ नाही.

म्हणून कोणी मला विचारलं की एकच चेन घ्यायचीये तर कुठली, तर मी डोळे झाकून २२ सांगतो. १८ फोटोत भारी दिसते पण रोजच्या टीशर्टवर त्रास देते, २४ ला ओव्हरसाईज कपडे लागतात, २२ सगळीकडे निभावून नेते. हाईट पाच फूट पाच इंचाच्या आसपास असेल तर २० कडे सरक, सहा फुटाच्या वर असशील तर २४ कडे.

जाडी वाढली की लेंथ खोटी पडते, हे तर दुकानात पण कोणी सांगत नाही. मापात २२ इंच लिहिलेलं असतं ते चेन सरळ ताणून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हुक धरून. पण ती गळ्यात गोल होते तेव्हा मानेला लागतो तो आतला घेर, आणि तो चेनच्या जाडीने कमी होतो. १० एमएमची क्युबन, म्हणजे घट्ट गुंफलेल्या जाड कड्यांची चेन, असेल तर हा फरक जाणवतो. म्हणून २ किंवा ३ एमएमच्या चौकोनी कड्यांच्या बॉक्स चेनचं माप घेऊन त्याच मापाची जाड क्युबन मागवली की ती घट्टच वाटणार. ८ एमएमच्या वर गेलास की एक साईझ वर जा. ऑनलाईन बघताना अजून एक, बऱ्याच ठिकाणी माप सेंटीमीटरमध्ये असतं, ५० सेंटीमीटर म्हणजे २० इंचाला थोडी कमीच, ५५ म्हणजे २२ ला थोडी कमी, आणि ६० म्हणजे पूर्ण २४ नाही.

पेंडंट लावणार असशील तर मोजणी पेंडंटच्या खालच्या टोकापर्यंत धर. दोन इंचाचं पेंडंट म्हणजे दोन इंच सरळ खाली, इथे निम्मं-बिम्मं काही नाही. राजमुद्रेचं अष्टकोनी पेंडंट किंवा वाघनख घालणारी पोरं आपल्याकडे खूप आहेत, ते २० इंचात अडकवलं की गळ्याच्या खड्ड्याजवळ हलत राहतं आणि कोणाला धड दिसत पण नाही, २४ मध्ये ते छातीवर सपाट बसतं. रॅपर एमसी स्टॅनने बिग बॉसमध्ये ती ‘हिंदी’ लिहिलेली चेन घातल्यापासून नावाचं पेंडंट बनवून घेणारे वाढले, त्यांनी पण नाव आडवं किती रुंद आहे ते बघून लेंथ ठरवावी, रुंद पेंडंट वर आलं की त्याची टोकं कॉलरच्या आत जातात. आणि दुकानात तिथल्या तिथे चेक कर की पेंडंटच्या कडीतून चेनचा हुक जातो का, नाहीतर मग कडी मोठी करत बसायची.

तसं लांब आणि जाड चेनचं हे सगळं आलं न्यूयॉर्कच्या रॅपर लोकांकडून, ८० च्या दशकात रन-डीएमसी वगैरे मंडळी ट्रॅकसूटवर दोरखंडासारख्या जाड रोप चेन घालायची. पण खरं सांगू, आमच्या घणसोली-कोपरखैरण्याकडे आगरी-कोळी घरांत हळदीला काका-मामांच्या गळ्यात जो गोफ असतो ना, तो बघून मोठ्या झालेल्या पोरांना जाड चेन कशी मिरवायची हे कोणी शिकवायला नको. फक्त तो गोफ पांढऱ्या शर्टावर आणि तेवढ्या छातीवर बसतो. तोच काकांकडून मागून बारीक अंगाच्या पोराने ओव्हरसाईज टीशर्टवर घातला की उसना आणल्यासारखा दिसतो. बारीक अंग असेल तर ३ ते ५ एमएम, भरलेलं असेल तर ६ ते ८, त्याच्यावर गेलास तर मग बाकीचे कपडे एकदम साधे ठेव.

दोन चेन एकत्र घालायच्या असतील तर दोघींमध्ये चार इंच अंतर ठेव, २० आणि २४ ही सगळ्यात सोपी जोडी. दोनच इंच अंतर ठेवलं तर दोन्ही एकमेकींवर चढतात आणि गुंता होतो. जाडी पण वेगळी पाहिजे, वरची जाड प्लेन, खालची बारीक आणि पेंडंटवाली, पेंडंट एकालाच. रुद्राक्ष किंवा तुळशीची माळ गळ्यात असतेच, तर तिला पण एक चेन म्हणून मोज. माळ बहुतेक गळ्यालगत असते, मग तिच्यासोबत २२ ची एकच चेन पुरे.

पैशांचं बोलायचं तर सोन्यात प्रत्येक इंचाचे पैसे लागतात. २० इंचाची चेन १० ग्रॅमची असेल तर त्याच डिझाईनमधली २४ ची १२ ग्रॅम भरणार, त्यावर घडणावळ, त्यावर ३ टक्के जीएसटी. बजेट अडलं की लोक लेंथ कमी करतात, मी म्हणतो जाडी कमी कर, लेंथला हात लावू नकोस. आणि पोकळ चेनच्या नादी लागू नकोस, दिसते जाड, भरते हलकी, पण एकदा चेपली की ती सरळ करायला कोणी धजत नाही. हॉलमार्क बघताना सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी नंबर, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख नंबर, बघ, १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या दागिन्यांवर तो लागतोच, बीआयएस केअर ॲपवर टाकला की कळतं. पण नुसत्या स्ट्रीट लूकसाठी सोनं पाहिजेच असं नाही, ९२५ (म्हणजे ९२.५ टक्के) चांदी किंवा ३१६एल हे सहसा न गंजणारं स्टील घे. सोन्याचं पाणी दिलेली पितळी चेन आपल्या घामात टिकत नाही, मानेवर हिरवट डाग पडतात. चांदी काळी पडते हे खरं, खाडीकाठच्या हवेत तर लवकरच, पण ॲल्युमिनियम फॉईल, गरम पाणी आणि खायचा सोडा, की पुन्हा चकाचक. पेंडंटमध्ये खडे चिकटवलेले असतील तर मात्र हा उद्योग नको.

प्रवास कसा करतोस ते पण लेंथमध्ये धर. सकाळी ठाण्याहून वाशी लोकल पकडणाऱ्याने २४ इंच उघडी चेन घालून गाडीत चढू नये, ती समोरच्याच्या बॅगेच्या झिपमध्ये अडकते, आणि सोन्याची असेल तर गर्दीत नजर आहेच. आत टाक नाहीतर खिशात ठेव, उतरल्यावर घाल. बाईकवर पण हेल्मेटचा पट्टा बंद करताना १८ ची अडकते. जिममध्ये आणि दहीहंडीच्या थराला तर कुठलीच लेंथ नको, सरळ काढून घरी.

घ्यायच्या आधी घरी एक दोरा २२ इंचाचा काप, एक २४ चा, त्यात चावी अडकव म्हणजे वजनाने नीट लटकेल, आणि तुझे रोजचे तीन-चार कपडे घालून कोणालातरी लांबून फोटो काढायला सांग. आरशात आपण फार जवळून बघतो, लोक तसं बघत नाहीत. मग ठाण्यात जांभळी नाक्याला जा, गोखले रोडला जा की वाशीला सेक्टर १७ ला, जाताना तोच टीशर्ट घालून जा ज्याच्यावर चेन घालायचीये. दुकानातल्या काकांना म्हण हुक लावून बघू द्या, मग लोकलचं हँडल पकडल्यासारखा हात वर कर, खाली वाकून बुटाची लेस बांध, आणि बघ चेन परत जागेवर येते का. मधली साईझ लागत असेल, म्हणजे २२ लांब आणि २० आखूड, तर २२ घेऊन कड्या काढून घे, कमी करणं सोपं असतं, वाढवायला सारख्याच कड्या शोधून जोडाव्या लागतात. सोन्याची असेल तर बिल करायच्या आधी कड्या काढायला सांग आणि त्यानंतरच वजन करायला लाव.