ऐंशी की शंभर? पणजी–मडगाव रस्त्यावर पेट्रोलचा हिशेब

पणजी ते मडगाव जाताना बांबोळी, जुवारी पूल, वेर्णा, नुवे असा रस्ता लागतो. त्यात मोकळा पट्टा वीसेक किलोमीटरचा धरा. तो ताशी 100 ने कापला तर 12 मिनिटं, 80 ने कापला तर 15. म्हणजे वाचली तीन मिनिटं, आणि तीही पुढच्या सर्कलवर उभं राहण्यात जातात.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 80 वरून 100 वर गेलात की वेग 25 टक्के वाढतो, पण विरोध 56 टक्के. टायरचं घर्षण तसं वाढत नाही, त्यामुळे पेट्रोलचा जादा खर्च साधारण 15 ते 20 टक्क्यांवर राहतो. टपावर कॅरिअर असेल तर आणखी. मात्र हळू चालवलं की ॲव्हरेज वाढतच जातं असंही नाही. चाळीसला पाचवा गिअर टाकला की इंजिन धडधडतं आणि पाय आपोआप खाली जातो. टॉप गिअरमध्ये इंजिन सहज ओढतं त्या वेगाला, बहुतेक गाड्यांत 60 ते 80 ला, ॲव्हरेज सर्वांत चांगलं मिळतं.

ऐकीव आकड्यांपेक्षा स्वतः मोजा. एकाच पंपावर, एकाच मशीनवर टाकी फुल करा. नोझल पहिल्यांदा 'टक' करून बंद पडलं की थांबा. रक्कम राउंड करायला वरून ओतू दिलं की हिशेब बिघडला. ट्रिप मीटर शून्य करा, निदान 200 किलोमीटर चालवा आणि पुन्हा तसंच भरा. किलोमीटर भागिले लिटर. एकदा 80 च्या आत, एकदा जिथे पाटी परवानगी देते तिथे 100 ने. टायरची हवा थंड असताना, दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे. जुलैची टाकी जानेवारीच्या टाकीशी ताडू नका: रस्त्यावरचं पाणी कापत जाणाऱ्या टायरलाही पेट्रोल लागतं.

केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला कमाल 100, साध्या रस्त्यावर 70. पण जागेवरची पाटी कमी आकडा सांगत असेल तर तोच खरा.

आता कोंडी. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर म्हणजे 80 ला सुमारे 44 मीटर, 100 ला 56. वेग वाढला की अंतरही वाढायला हवं, म्हणून तासाला लेनमधून जाणाऱ्या गाड्या फारशा वाढत नाहीत. घोळ होतो तो वेगातल्या फरकाने. ट्रक 50 ला, मागून कार 100 ला. ती ब्रेक मारते, मागची जास्त जोरात मारते आणि अर्धा किलोमीटर मागे कुणीतरी चक्क थांबतो, कारण न कळता. जुवारीचा नवा पूल आठपदरी, पुढचा रस्ता तेवढा नाही. लेन संपतात तिथे आधीच घुसू नका. शेवटपर्यंत सारख्या वेगाने या आणि एक इकडची, एक तिकडची असं मिसळा.

मडगावच्या पुढे काणकोणच्या वाटेवरच्या करमल घाटात उतरताना गाडी न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोलचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं, वर सगळा भार ब्रेकवर येतो. खाली पोचल्यावर चाकांकडून जळका वास आला तर तो त्याचाच.