आखाड्यातल्या पोरांची ऑफेन्सिव्ह लाइन : कोणाला कुठे उभं करायचं

निवडीच्या दिवशी वजनकाटा आणूच नका. अमेरिकन फुटबॉलची टीम जमवायची म्हटली की सगळ्यात जाडजूड पाच पोरं मध्ये उभी करण्याचा मोह होतो, आणि पहिल्याच सरावात क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, धुळीत लोळतो. त्याच्यापुढे उभं राहून समोरच्यांना अडवणाऱ्या पाच जणांची रांग म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन. तिच्यातल्या माणसाची किंमत तीन गोष्टींवर ठरते : हाताची लांबी, खुब्यांची मोकळीक आणि पायांची चपळाई. वजन त्यानंतर.

वडोदऱ्यात ही माणसं शोधायला लांब जायला नको. जुम्मादादा व्यायाममंदिर आणि प्रा. माणिकराव यांच्या या गावात बैठका काढलेली, समोरच्याला छातीने अडवायची सवय असलेली पोरं आजही मिळतात. मात्र कुस्तीगीर आयता लाइनमन नसतो. त्याच्या अर्ध्या सवयी सोन्यासारख्या, अर्ध्या पेनल्टी ओढवणाऱ्या.

एक खुलासा आधीच. ऑक्टोबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या मुंबईच्या अधिवेशनात 2028 च्या ऑलिंपिकसाठी मंजूर झाला तो फ्लॅग फुटबॉल. त्यात एका बाजूला पाच जण असतात आणि अंगाला अंग लावून अडवणं नसतंच. हे सगळं हेल्मेट-पॅडवाल्या, अकरा जणांच्या खेळासाठी आहे.

मोजमाप

खांद्याच्या टोकाच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप लावा. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, टॅकलचा (लाइनच्या टोकाला उभ्या खेळाडूचा) हात 33 इंचांहून कमी भरला की निवडणारे नाक मुरडतात, 34 भरला की खूश होतात. याला कारण आहे. 1978 मध्ये नियम बदलला आणि पासच्या (चेंडू फेकायच्या डावाच्या) वेळी समोरच्याला अडवताना हात लांब करून, पंजे उघडे ठेवून ढकलायची मुभा मिळाली. तेव्हापासून ज्याचा पंजा आधी छातीवर पोचतो, तो निम्मी लढाई जिंकतो. आपल्याकडे 32 इंच मिळाले तरी तो मुलगा टॅकलसाठी वेगळा काढा.

मग बैठक मारायला सांगा. टाचा टेकलेल्या, मांड्या जमिनीला समांतर, छाती वर, अशी दहा सेकंद. जो गुडघ्यातून न बसता कमरेतून वाकतो, त्याला ताकदवान बचावपटू मानेला धरून पुढे पाडतो. शेवटी 10 यार्ड, म्हणजे 9 मीटरहून थोडं जास्त, पळवा. एनएफएलचे लाइनमन एवढं अंतर साधारण 1.7 ते 1.8 सेकंदांत कापतात. तुमच्याकडे दोन सेकंदांच्या आत आलेला जड मुलगा सोडू नका.

तिथल्या लाइनमनची सरासरी सहा फूट पाच इंच आणि 140 किलोंच्या आसपास असते, पण सरासरीने फसू नका. फिलाडेल्फिया ईगल्सच्या एकाच लाइनमध्ये 2023 च्या हंगामापर्यंत सेंटर (मधोमध उभा राहणारा) जेसन केल्सी सहा फूट तीन इंच, 134 किलो, तर लेफ्ट टॅकल जॉर्डन मायलाटा सहा फूट आठ इंच, 165 किलो होता. मायलाटा ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळायचा. 2018 मध्ये निवड झाली तोवर त्याने अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. केल्सी मायलाटाच्या जागी उभा राहिला असता तर हाताच्या लांबीत मार खाल्ला असता, आणि मायलाटा सेंटरला उभा राहिला असता तर त्याच्या छातीखाली शिरायला समोरच्याला फारसं वाकावंही लागलं नसतं.

पाच जागा

टॅकल दोन्ही टोकांना. समोर धावत येणारा सगळ्यात वेगवान माणूस त्यांच्या वाट्याला येतो, म्हणून उंच, लांब हातांचा, बाजूला सरकता येणारा मुलगा हवा. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असते, तेव्हा पासच्या वेळी अडवण्यात सरस असलेला डावीकडे आणि रेटण्यात सरस असलेला उजवीकडे ठेवा.

गार्ड टॅकल आणि सेंटरच्या मध्ये. त्याच्यासमोर जागा कमी आणि माणूस जड. बुटका, रुंद, मांड्यांत जोर असलेला पैलवान इथे शोभतो. पण त्याला लाइनमधून निघून दुसऱ्या टोकाला धावत जाऊन अडवायचंही असतं, ज्याला ‘पुल’ म्हणतात. त्यामुळे निव्वळ ठोकळा चालत नाही.

सेंटर सगळ्यात लहान असला तरी चालतो, डोक्याने मंद असला तर नाही. समोरचे लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या रांगेतले, मोजून, मधला कोण ते ओरडून सांगून, मग चेंडू मागे द्यायचा. यालाच स्नॅप म्हणतात. शॉटगनमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅक लांब मागे उभा असताना, चेंडू पाच यार्ड मागे जातो. सेंटर निवडताना शंभर स्नॅप करवून घ्या. पाचाहून जास्त डोक्यावरून किंवा पायाशी गेले तर दुसरा शोधा.

पवित्रा

पाय खांद्यांहून थोडे रुंद, मागच्या पायाचा अंगठा पुढच्या पायाच्या मधोमध येईल इतकाच फरक. अर्धी बैठक, मग एक हात खाली, बोटांची टोकं टेकलेली. चाचणी सोपी आहे : टेकलेला हात अचानक बाजूला करा. मुलगा तोंडावर पडला तर भार हातावर होता. असा मुलगा रन (चेंडू घेऊन धावायचा डाव) आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण पासच्या वेळी तो नकळत मागे रेलतो. समोरचा जाणकार त्याची बोटं पांढरी पडली का तेवढंच बघतो. दोन्ही डावांना पवित्रा एकच हवा.

पासच्या वेळी अडवणं

टॅकलने बाहेरचा पाय आधी मागे-बाजूला सरकवायचा, तीसेक सेंटिमीटर, मग आतला तेवढाच ओढायचा. टाचा एकमेकींना लागता कामा नयेत, पाय तर ओलांडायचेच नाहीत. खांदे शक्य तितका वेळ लाइनशी समांतर ठेवायचे. बाहेर वळलं की आतलं दार उघडलं. अंगठे वर, कोपरं बरगड्यांशी, पंजे समोरच्याच्या छातीवर, डोकं मागे. क्वार्टरबॅकला अडीच-तीन सेकंद पुरतात. समोरच्याला पाडायचं नाही, फक्त उशीर करायचा, हे कुस्तीगिराच्या गळी उतरायला महिना लागतो.

कारण त्याचा हात आपोआप मानेमागे किंवा कमरेभोवती जातो. गर्दनखेच इथे होल्डिंग ठरते आणि टीम 10 यार्ड मागे जाते. उपाय म्हणजे सरावात दोन्ही मुठींत एकेक टेनिसचा चेंडू द्या. पकडताच येत नाही, मग ढकलायला शिकतो. पट काढायची, म्हणजे पाय धरून पाडायची, खोडही मोडा. एकाने वर धरलेल्या माणसाच्या गुडघ्यात दुसऱ्याने घुसणं म्हणजे चॉप ब्लॉक. त्यावर एनएफएलने 2016 पासून पूर्ण बंदी घातली. सरावात कमरेखाली कुणीच जायचं नाही.

रनच्या वेळी अडवणं

पहिलं पाऊल जेमतेम वीतभर. लांब पाऊल टाकलं की टक्कर होते तेव्हा एक पाय हवेत असतो, आणि 80 किलोचा मुलगा 110 किलोच्याला उलथवतो. दुसरं पाऊल टेकलं की भिडायचं, समोरच्याहून खाली राहून, मग खुबे पुढे घालून आखूड, रुंद पावलांनी रेटायचं. मान ताठ, नजर वर. डोकं खाली घालून धडकणाऱ्याला त्याच क्षणी मैदानाबाहेर बसवा.

सेंटर आणि गार्ड मिळून एकाला रेटतात तेव्हा चार हात त्या माणसावर आणि चारही डोळे मागच्या लाइनबॅकरवर हवेत. तो जिकडून येईल, तिकडच्याने सुटायचं. नेहमीची चूक अशी की दोघांनाही पहिल्याला लोळवायची मजा येते आणि लाइनबॅकर मोकळा येऊन धावपटूला धरतो. तसंच पासच्या वेळी समोरचा माणूस एकदम आत पळाला तर त्याच्यामागे जायचं नाही. तो गेला म्हणजे त्या जागी दुसरा येतोय. शेजाऱ्याला हाक द्या आणि जागा सांभाळा.

पाचही जण एकत्र शिकले पाहिजेत. आठवड्याला माणसं अदलाबदल करत राहिलात तर हाका जुळत नाहीत आणि फॉल्स स्टार्टचे (स्नॅपआधीच हलल्याचे) पाच-पाच यार्ड जात राहतात.

ऊन

वडोदऱ्याचा एप्रिल-मे या पोरांवर सगळ्यात क्रूर. मोठ्या अंगात उष्णता जास्त तयार होते आणि हेल्मेट-पॅडमुळे बाहेर पडत नाही. मिनेसोटा व्हायकिंग्जचा टॅकल कोरी स्ट्रिंगर, 152 किलोंचा, ऑगस्ट 2001 मध्ये सरावातल्या उष्माघाताने गेला. सराव सकाळी साडेसहाला सुरू करा, पहिले काही दिवस फक्त हेल्मेट, पॅड नंतर. मैदानावर बर्फाच्या पाण्याचा मोठा टब असलाच पाहिजे. कुणी बरळायला किंवा झोकांड्या खायला लागला तर आधी पॅड काढून त्याला टबात मानेपर्यंत बसवा, डोकं पाण्यावर धरून ठेवा, आणि त्याच वेळी ॲम्ब्युलन्स बोलवा. नेण्याच्या घाईत टब चुकवू नका.

वजनकाटा आता बाहेर काढा. सरावाआधी आणि नंतर प्रत्येकाचं वजन वहीत लिहा. 110 किलोच्या मुलाचं दोन किलोंहून जास्त घटलं तर पाणी कमी पडलंय. दुसऱ्या सकाळी ते भरून आलं नसेल, तर त्या दिवशी त्याला हेल्मेट द्यायचं नाही.