रब्बीच्या पाण्याआधी पंपाच्या व्होल्ट-अँपिअरचा हिशेब

गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या अवस्थेत, पाणी मिळावेच लागते. त्याच सुमारास हरभरा, कांदा आणि ऊस यांचीही पाण्याची पाळी आल्याने एका डीपीवरचे (रोहित्रावरचे) बहुतेक पंप एकदम चालू होतात, वीजदाब खाली येतो आणि मोटर जळण्याचा धोका वाढतो. म्हणून पहिल्या पाण्याआधीच स्टार्टरच्या पेटीवरील व्होल्टमीटर आणि अँपिअरमीटर यांचे आकडे एकत्र वाचून वहीत लिहून ठेवावेत. दोहोंपैकी एकच आकडा पाहून मोटरची स्थिती कळत नाही.

थ्री फेज मोटर किती वॅट वीज घेते हे काढण्यासाठी १.७३, व्होल्ट, अँपिअर आणि पॉवर फॅक्टर (घेतलेल्या व्होल्ट-अँपिअरपैकी किती भाग खऱ्या वॅटमध्ये उतरतो तो आकडा) यांचा गुणाकार करावा. ५ अश्वशक्तीची मोटर ४१५ व्होल्टवर ८ अँपिअर घेत असेल आणि पॉवर फॅक्टर ०.८ धरला, तर १.७३ × ४१५ × ८ × ०.८ म्हणजे सुमारे ४,६०० वॅट होतात. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, त्यामुळे ५ अश्वशक्तीचे ३,७३० वॅट पंपाच्या दांड्यावर मिळतात आणि उरलेली वीज बहुतांशी उष्णतेत जाते. आपल्या मोटरचा पूर्ण भाराचा प्रवाह नेमप्लेटवर छापलेला असतो. तुलना नेहमी त्याच्याशीच करावी, शेजारच्या मोटरशी नव्हे.

दाब कमी झाला की मोटर कमी वीज घेते, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. हीटरच्या बाबतीत तो खरा आहे, कारण त्याचा रोध (विजेच्या वाटेतला अडथळा) जवळपास ठरलेला असतो. मोटरला मात्र तेवढेच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचे असते, म्हणून दाब घटला की ती प्रवाह वाढवून घेते. वरच्याच मोटरला ३५० व्होल्ट मिळाले, तर तितक्याच कामासाठी तिला सुमारे ९.५ अँपिअर लागतात. वाइंडिंगमधील (मोटरच्या आतील तारेच्या गुंडाळीतील) उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ही वाढ सुमारे ४० टक्के भरते. अशा वेळी ओव्हरलोड रिले (प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास मोटर बंद करणारा भाग) वारंवार ट्रिप होतो आणि पाणी अर्धवट राहू नये म्हणून त्याची सेटिंग वाढवली जाते. हे कृपया करू नये. रिले त्या वेळी मोटर वाचवत असतो. डीओएल (मोटर थेट लाइनवर चालू करणाऱ्या) स्टार्टरमध्ये सेटिंग नेमप्लेटवरील प्रवाहाइतकीच ठेवावी. दाब ३५० च्या खाली राहत असेल, तर पंप बंद ठेवून डीपीवरील शेतकऱ्यांनी आपसांत पाळ्या ठरवून घेणे हाच व्यवहार्य उपाय आहे.

तिन्ही फेजचा प्रवाह क्लँप मीटरने (तारेभोवती चिमटा लावून प्रवाह दाखवणाऱ्या मीटरने) वेगवेगळा मोजून घ्यावा. समजा आकडे ८.२, ७.६ आणि ९.५ आले, तर सरासरी ८.४ होते आणि सर्वांत मोठा फरक सरासरीच्या सुमारे १३ टक्के पडतो. पाणबुडी मोटरसाठी ५ टक्क्यांहून अधिक फरक चांगला नाही. दोष लाइनचा की मोटरचा, हे ओळखण्यासाठी मोटरकडे जाणाऱ्या तिन्ही तारा स्टार्टरवर क्रमाने एकेक घर पुढे सरकवाव्यात. तिन्ही सरकवल्याने फिरण्याची दिशा बदलत नाही. जास्त प्रवाह त्याच लाइनवर राहिला तर दोष पुरवठ्यात आहे, आणि तो तारेबरोबर सरकला तर केबलमध्ये किंवा मोटरमध्ये आहे.

केबलची जाडी हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. तांब्याच्या २.५ चौरस मिलिमीटर केबलच्या एका तारेचा रोध किलोमीटरमागे सुमारे ८ ओहम असतो, म्हणजे २०० मीटरला १.६ ओहम. ८ अँपिअर वाहताना प्रत्येक तारेत १२.८ व्होल्ट आणि दोन फेजमध्ये मिळून सुमारे २२ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. तीन तारांत ३ × ८ × ८ × १.६ म्हणजे ३०७ वॅट उष्णता निघते. तेवढ्याच अंतरावर ६ चौरस मिलिमीटरची केबल टाकली, तर घट ९ व्होल्टवर येते. डीपीवर आधीच दाब कमी असताना हे १३ व्होल्ट फार मोलाचे ठरतात. वीजबिल माफ असले तरी मोटर तापायची थांबत नाही, म्हणून जाड केबलचा हा खर्च वाया जाणारा नाही.

व्होल्टला अँपिअरने भागून रोध काढण्याचा खरा उपयोग सांध्यांवर होतो. फ्यूज, स्टार्टरचे काँटॅक्ट किंवा केबलचा जोड यांच्या दोन टोकांदरम्यान, मोटर चालू असताना, ०.८ व्होल्ट दिसले आणि प्रवाह ८ अँपिअर असेल, तर त्या सांध्याचा रोध ०.१ ओहम आहे आणि तेथे ६.४ वॅट उष्णता सतत निघते आहे. आकडा लहान वाटतो, पण ही सारी उष्णता एका स्क्रूच्या टोकावर साठते. तेथील तांबे काळे पडते, रोध आणखी वाढतो आणि शेवटी एक फेज जाऊन मोटर दोन फेजवर राहते. मात्र चालू मोटरच्या वाइंडिंगचा रोध या भागाकाराने काढता येत नाही. स्टार जोडणीत प्रत्येक वाइंडिंगवर ४१५ भागिले १.७३ म्हणजे सुमारे २४० व्होल्ट पडतात; २४० भागिले ८ म्हणजे ३० ओहम येतात, पण त्यात तारेचा स्वतःचा रोध थोडाच असतो. वाइंडिंग तपासायचे असेल, तर पुरवठा तोडून, तारा सोडवून, मल्टिमीटरने तिन्ही जोड्यांचे आकडे घ्यावेत. ते जवळपास सारखे यायला हवेत.

सौर पंपाच्या पॅनलकडून येणारी वीज डीसी असल्याने तेथे १.७३ आणि पॉवर फॅक्टर लागत नाहीत. कंट्रोलरवर ३०० व्होल्ट आणि ८ अँपिअर दिसले, तर २,४०० वॅट. स्वच्छ उन्हात दुपारी हा आकडा घटलेला दिसला, तर आधी पॅनलवरची धूळ पुसावी.

चालू पुरवठ्यावरचे प्रत्येक मोजमाप परवानाधारक वायरमनकडूनच, कोरड्या जागी उभे राहून करून घ्यावे. पेटी उघडण्यापूर्वी ऑटो स्विच बंद करावा, मेन स्विच पाडावा आणि फ्यूज काढून खिशात ठेवावेत, कारण लाइन गेलेली असली तरी ती परत येताच ऑटोवरील मोटर आपोआप चालू होते.