ओढ्यात औषध जाऊ नये म्हणून: पंप भरण्यापासून पंप धुण्यापर्यंत

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ पट्ट्यात द्राक्षाची फळछाटणी आणि परतीचा पाऊस एकमेकांच्या पाठोपाठ येतात. डाऊनीच्या (केवडा या बुरशी रोगाच्या) धास्तीनं एक फवारणी संपते न संपते तोच दुसरी, आणि वरून सर आली की पुन्हा पंप भरायचा. वाळवा-पलूसकडे उसाच्या लागणीनंतर तणनाशकं. बांधावरून निसटलेलं ओढ्याला, आणि ओढ्याचं येरळेला, अग्रणीला नाहीतर थेट कृष्णेला.

औषध ओढ्यात गेलं की आपण वाऱ्याला नाहीतर पावसाला बोल लावतो. त्यांचा वाटा आहेच. पण सगळ्यांत तीव्र औषध पाण्यात जातं ते पंप भरताना, उरलेलं ओतताना आणि टाकी धुताना. ही तिन्ही कामं आपण ओढ्याकाठी करतो, कारण पाणी तिथं आहे. म्हणून सुरुवात इथूनच करायची.

थोडा हिशोब पाहा. युरोपात पिण्याच्या पाण्यात कुठल्याही एका कीडनाशकाला लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. त्या मापानं १ ग्रॅम सक्रिय घटक, म्हणजे औषधातलं खरं विष, १ कोटी लिटर पाणी बाद करतो. मीटरभर रुंद, फूटभर खोल ओढा धरला तर सुमारे ३३ किलोमीटर. ५० टक्क्यांच्या औषधात हा एक ग्रॅम जेमतेम २ मिलिलिटरमध्ये असतो. बाटली ‘रिकामी’ झाल्यावरही तळाशी एवढं सहज राहतं.

आधी ओढा बघून घ्या

पाणी वाहतं असताना दोन जागा निवडा: तुमच्या शेताच्या वरची आणि खालची. दोन्हीकडे पाण्यातले चार-सहा दगड उलटे करा आणि खालचा गाळ चहाच्या गाळणीत धरून पांढऱ्या ताटलीत ओता. शेपटीला तीन बारीक केस असलेले चपटे किडे, चतुराची पिल्लं, छोटे खेकडे वर दिसतात आणि खाली दिसत नाहीत, खाली फक्त लाल दोऱ्यासारख्या अळ्या वळवळतात, तर मधे काहीतरी बिघडलं आहे. ते औषधच असेल असं नाही. गोठ्याच्या पाण्यानं आणि सांडपाण्यानंही असं होतं. पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं, आणि पैसा लागत नाही.

बाटलीवरच्या त्रिकोणावर विसंबू नका

लाल, पिवळा, निळा, हिरवा हे त्रिकोण औषध पोटात किंवा कातडीतून गेल्यावर किती विषारी, यावर ठरतात, आणि ती चाचणी उंदरांसारख्या प्राण्यांवर होते. माशाचा विचार त्यात नाही. सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन या गटातली औषधं माणसाला तुलनेनं सौम्य, पण मासे आणि खेकडे यांना अगदी नगण्य प्रमाणातही मारक. तेव्हा ‘निळा आहे, काही होत नाही’ हे ओढ्याकाठी म्हणू नये. सोबतच्या माहितीपत्रकात जलचरांविषयी काय लिहिलंय ते भिंग लावून का होईना, वाचा. अक्षर मुद्दाम बारीक छापतात की काय कोण जाणे.

भरायची जागा बदला

पाणी ओढ्यातून आणा, पण औषध ओढ्याकाठी कालवू नका. बॅरल आतल्या बाजूला, सपाट जागी ठेवा. टाकी भरताना पाइपाचं तोंड पाण्यात बुडू देऊ नका. मोटार बंद पडली की टाकीतलं औषध उलटं ओढलं जातं आणि विहिरीत किंवा ओढ्यात उतरतं. हात-दोन हात उंचावरून धार सोडली की हा धोका संपतो. आणि टाकी भरत लावून चहाला जाऊ नका.

धुणं: तीनदा, थोडं-थोडं

समजा टाकीच्या तळाशी आणि नळ्यांत अर्धा लिटर द्रावण उरतं आणि धुवायला ९ लिटर पाणी आहे. सगळं एकदम ओतून धुतलं तर तीव्रता एकोणिसाव्या हिश्शावर येते. तेच पाणी तीन-तीन लिटर करून, दर वेळी पूर्ण फवारून टाकत वापरलं तर ३४३ व्या हिश्शावर. पाणी तेवढंच, पण फरक अठरापट. हे धुवण बागेतच, ज्या पिकावर औषध मारलं त्यावर पुन्हा फवारून संपवा. त्यासाठी शेवटच्या दोन-चार ओळींना सुरुवातीला थोडं कमी मारावं.

रिकामी बाटलीही अशीच तीनदा खळखळून धुवा आणि ते पाणी टाकीत ओता. मग तिला भोक पाडा, म्हणजे कुणी घरी नेऊन तेल भरणार नाही. बाटल्या जाळू नका.

ब्लोअरवाल्यांसाठी धुण्याचा खड्डा

ब्लोअरच्या, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या फवारणी यंत्राच्या, बाहेरची धूळ-औषध धुवायला कायमची जागा हवी. स्वीडनमध्ये १९९३ साली यासाठी पहिला जैवखड्डा झाला, आणि पद्धत आपल्याला जमण्यासारखी आहे. दोनेक फूट खोल खड्डा, ब्लोअर वर उभा राहील एवढा. तळाला चिकणमाती ठोकून किंवा शेततळ्याचा कागद अंथरून पाणी खाली जाणं थांबवायचं. वर भरायचं मिश्रण: निम्मं काड, पाव माती, पाव पीट (दलदलीत साठलेला अर्धवट कुजलेला पालापाचोळा). पीट आपण कुठून आणणार. मुरलेलं कंपोस्ट चालतं. गव्हाचं काड नसेल तर पाचटाची कुट्टी. माती स्वतःच्याच रानातली घ्या, त्यातल्या जिवाणूंना तुमची औषधं आधीच माहीत असतात. मिश्रण ओलं करून महिनाभर मुरू द्या, वर गवत लावा. काड कुजवणारी बुरशी औषधाचेही तुकडे करते. वर पत्रा हवा, नाहीतर जूनमध्ये खड्डा भरून वाहणार.

एक अडचण आहे. बोर्डोतलं तांबं कुजत नाही, ते तिथंच साठत जातं. म्हणून मोरचूद-चुन्याचं धुवण शक्यतो बागेतच संपवा.

ओढ्याकडची बाजू

काठालगत चार-पाच मीटर गवत राखा. वाळा, मारवेल चालेल. मातीला चिकटलेली औषधं त्यात अडतात. इमिडाक्लोप्रिडसारखं पाण्यात विरघळणारं औषध मात्र बरंचसं निसटतं, त्यामुळे पट्टा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पाणी एकाच ओघळीतून धावत असेल तर गवताचा उपयोग शून्य. ती ओघळ दगड-माती टाकून पसरवून घ्या. या पट्ट्यातलं गवत जनावरांना घालू नका.

कडेच्या ओळीत ब्लोअरचे ओढ्याकडचे नोझल बंद ठेवून आतल्या बाजूलाच मारा. वारं कुठलं ते अगरबत्तीच्या धुरानं कळतं; धूर ओढ्याकडे गेला तर थांबा. पावसाचा अंदाज मेघदूत ॲपवर मिळतो, दोन दिवसांत जोराची सर असेल तर फवारणी पुढे ढकला.

मासे मेलेच तर

ते खाऊ नका, गुरं त्या पाण्यावर नेऊ नका, खालच्या वस्तीला फोन करा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगलीतल्या कार्यालयाला आणि तालुका कृषी अधिकाऱ्याला लगेच कळवा. १९७४ च्या जल अधिनियमाखाली ही तक्रार होते. फोटो काढताना खेकडे आणि किडे मेलेत का तेही टिपा. फक्त मासे पहाटे वर तोंड काढून तडफडत असतील तर प्राणवायू संपल्याची शक्यता जास्त, आणि मग उगम मळी किंवा सांडपाण्यात शोधावा लागतो. पाण्याचा नमुना लवकरात लवकर घ्या, वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही जागांचा. स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, कापडात गुंडाळून बर्फात ठेवा. प्लॅस्टिकची बाटली टाळा; काही औषधं तिच्या भिंतीला चिकटतात आणि तपासणीत कमी दिसतात.