एलईडीतला पिवळा ठिपका: धातू तोच, घर बदललं की उजेड बदलते

आमच्या इकडं गाडीच्या नंबर प्लेटवरचा स्टिकर असो की अंधारात हिरवा चमकणारा छोटा गणपती, दोन्हीला "रेडियम"च म्हणतात. रेडियम एकातही नाही. प्लेटवाला समोरून आलेला उजेड फक्त परत फेकते. गणपतीतली पावडर मात्र खरंच उजेड देते, ती असते स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट, म्हणजे ऑक्साइडच, अन् त्यात चिमूटभर युरोपियम नावाचा धातू. आता हाच युरोपियम दुसऱ्या घरात, म्हणजे कॅल्शियम अॅल्युमिनेटच्या स्फटिकात टाकला तर उजेड निळा येते. काहून? हे पोरांना फळ्यावर शिकवून काही होत नाही, दाखवावं लागते.

सामान आठवडी बाजारातलंच: जुनी सीडी, उडालेला एक अन् चालू एक एलईडी बल्ब, कोणाच्या कोठीत पडलेला सीएफएल, नोटा तपासायचा जांभळा टॉर्च, अन् अंधारात चमकणारे दोन सारखे स्टिकर. टॉर्च डोळ्यात मारायचा नाही, हे पोरांना दोनदा सांगा.

आधी रात्री खोलीत फक्त सीएफएल लावा अन् सीडी तिरपी धरून त्याचं प्रतिबिंब पाहा. रंग तुटक तुटक दिसतात, त्यात एक लाल पट्टा एकदम ठसठशीत, तो साधारण ६११ नॅनोमीटर तरंगलांबीचा (म्हणजे रंग मोजायचा आकडा), यट्रियम ऑक्साइडमधल्या युरोपियमचा. मग सीएफएल काढून चालू एलईडी लावा. इथं निळा वेगळा अन् मग हिरव्यापासून लालपर्यंत सगळं एकात एक मिसळलेलं. उडालेला बल्ब (होल्डरमधून काढून, थोडा वेळ ठेवून, मगच) उघडला की पट्टीवर पिवळे ठिपके दिसतात, तो बहुतेक वेळा याग, म्हणजे यट्रियम अॅल्युमिनियम गार्नेट, अन् त्यात सिरियम, युरोपियमसारखाच एक धातू. खालची चिप ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड देते, थोडा निळा तसाच बाहेर येते, बाकीचा पावडर पिवळा करते, दोन्ही मिळून आपल्याला पांढरा दिसते.

एक रेघ अन् एक पसरट पट्टा, हा फरक आला कुठून, सगळी गंमत इथंच आहे. घरात माजघरात बसलेल्या माणसाला रस्त्यावरचा गोंधळ जास्त ऐकू येत नाही, सपरीत बसलेल्याला मात्र येणारा जाणारा प्रत्येक जण हलवून जाते. तीन प्लसवाल्या (म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या) युरोपियमचा उजेड ४एफ नावाच्या आतल्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनमधून येते, तो माजघरातला, बाहेर ५एस अन् ५पी कक्षांची भिंत, म्हणून स्फटिक कोणताही असो रेघ जवळपास जागेवरच राहते. बदलते ते कोणती रेघ जोरात हे: भोवतीचे ऑक्सिजन दोन्ही बाजूंनी सारखे बसले असतील तर ५९० जवळची नारिंगी पुढं, समतोल बिघडलेला असेल तर ६११ ची लाल पुढं. सिरियम अन् दोन प्लसवाला युरोपियम यांचा इलेक्ट्रॉन मात्र ५डी या बाहेरच्या कक्षेत जाऊन परत येते, तो इलेक्ट्रॉन सपरीतला, शेजारचे ऑक्सिजन किती जवळ अन् कसे बसले यावरच त्याचा रंग ठरते. गणपती हिरवा (५२० च्या आसपास) अन् कॅल्शियमवाला निळा (४४० च्या आसपास), तो यामुळंच.

स्टिकरचा खेळ पोरांना सगळ्यात जास्त आवडते. दोन्ही एकाच बल्बखाली पाच मिनिटं ठेवा, मग एक बर्फाच्या डब्यावर अन् एक गरम पाण्याच्या वाटीखाली चिकटवून लाईट बंद करा, आमच्याकडं लाईट जायची वाट पाहिली तरी चालते. गरमवाला आधी जोरात चमकते अन् लवकर विझते, थंडवाला मंद पण टिकून राहते. स्फटिकात इलेक्ट्रॉन अडकायच्या खाचा असतात, त्यात डिस्प्रोसियम हा आणखी एक धातू टाकला की उजेड जास्त वेळ टिकते, अन् उष्णता त्या इलेक्ट्रॉनला बाहेर ढकलते.

कोणाकडं माणिक खडा असला तर त्यावरही टॉर्च मारा, क्रोमियममुळं लाल चमकला तर मस्त, पण मानवी बनावटीचाही तसाच चमकते, तेव्हा सोनाराशी भांडू नका.

एमएस्सीवाल्या पोरांनी एलईडीतली ती पिवळी याग पावडर बनवायची असली तर प्रयोगशाळेतच. त्या धातूंचे नायट्रेट अन् युरिया पाण्यात विरघळवून ५०० डिग्रीच्या भट्टीत ठेवतात, उकळते, फसफसते, पेटते अन् पाच मिनिटांत फेसासारखी पावडर तयार, ही युक्ती १९८८ च्या सुमारास बंगलोरच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेत निघाली. घरात युरियाचं पोतं आहे म्हणून चुलीवर करू नका बाप्पा, विषारी धूर निघते. यट्रियम अन् अॅल्युमिनियम ३:५ मोजा. मोजमाप चुकलं किंवा भाजणं कमी पडलं की गार्नेटऐवजी यट्रियम अॅल्युमिनेट पेरोव्हस्काइट हा वेगळ्या रचनेचा स्फटिक उरते, तेच चार घटक (यट्रियम, अॅल्युमिनियम, ऑक्सिजन, सिरियम), पण सिरियमचा उजेड तिथं ३७० च्या आसपास, म्हणजे डोळ्याला दिसतच नाही. पिवळा नाही आला म्हणून सिरियम वाढवत बसतात पोरं, चूक असते सिरियमच्या घरात, म्हणजे स्फटिकात. आधी एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची तपासणी) काढून आलेखातली शिखरं गार्नेटच्या ठरलेल्या नोंदीच्या कार्डाशी जुळवा, जुळली अन् तरी पिवळा मंदच असला तर सिरियम तीन प्लसचा चार प्लस झाला का ते पाहा, झाला असला तर तो परत तीन प्लस व्हावा म्हणून क्रुसिबल (पावडर भाजायचं भांडं) कोळशाच्या भुकटीत पुरून पुन्हा भाजा.