कीबोर्डवर पट्टी, मेमरी आणि बाकीची बटणं

पेटी थोडीफार येते, डाव्या हाताने साधे कॉर्ड पकडता येतात, आणि आता गल्लीतल्या गणपतीच्या कार्यक्रमात किंवा गावच्या भजनी मंडळात कीबोर्डवर बसायचंय, अशा मुलामुलींसाठी हे लिहितोय. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात असे बरेच जण आहेत. हातात बहुधा एकसष्ट पट्ट्यांचा यामाहा, कॅसिओ किंवा रोलँड असतो, तोही कधी कधी कुणाकडून जुना घेतलेला, मॅन्युअल हरवलेला. पॅनेलवरची बटणं बघून छाती दडपते. माझी दडपली होती, ते दिवस अजून आठवतात. पण कार्यक्रमात खरोखर लागणारी बटणं थोडीच आहेत. घाबरू नका. फक्त ती थोडी बटणं अर्धवट समजून घेऊन स्टेजवर चढू नका.

पॅनेलकडे बघताना प्रत्येक बटणाला एकच प्रश्न विचारा: हे आवाज बदलतं, पट्ट्यांचा अर्थ बदलतं, की काहीतरी लक्षात ठेवतं?

आवाजाचा भाग सगळ्यांना लगेच जमतो, म्हणून तिथे फार थांबत नाही. टोन (वाद्याचा आवाज) निवडायचा, दोन टोन एकावर एक हवे असतील तर लेयर किंवा ड्युअल, डाव्या हाताला एक आणि उजव्या हाताला दुसरा हवा असेल तर स्प्लिट. एवढंच लक्षात ठेवा की वाद्य एका वेळी ठरावीक स्वरच वाजवू शकतं. लेयर लावून वर सस्टेन पेडल दाबून धरलं, की आधीचे स्वर मधेच तुटायला लागतात. ते वाद्य बिघडल्याचं लक्षण नाही. आणि पेटीचा टोन लावलात तर टच (जोरात दाबलं की मोठा आवाज देणारी सोय) बंद करा. खऱ्या पेटीत पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज वाढत नाही, तो भात्यातून येतो. टच चालू ठेवून भजनाला पेटी वाजवली की काही स्वर ओरडतात, काही गायब होतात, आणि वाजवणाऱ्याला वाटतं की आपला हात कच्चा आहे.

आता ट्रान्स्पोज. इथे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण मला सगळ्यात महागात पडलं ते हेच.

ट्रान्स्पोज म्हणजे बोटं तिथेच ठेवून पट्टी, म्हणजे गाण्याचा सा, वर-खाली करायची सोय. प्लस एक केलं की पांढरी एक, म्हणजे सी, दाबल्यावर काळी एक ऐकू येते, प्लस तीन केलं की काळी दोन. गायिकेने काळी चार सांगितली तर सी वरून आठ पायऱ्या वर किंवा चार खाली जायचं. काही मॉडेलांत वर पाच-सहा पायऱ्यांच्या पुढे जाताच येत नाही, तेव्हा उणे चारच करावं लागतं. मग सगळं सप्तक खाली उतरतं आणि बासरीचा तुकडा घोगरा लागतो. तो उजव्या हाताने एक सप्तक वर वाजवायचा. आपल्याकडे एकाच कार्यक्रमात मराठी अभंगानंतर कन्नड वचन येतं. कन्नड गाणारे करी नाल्कु म्हणाले तर तीही काळी चारच. ट्रान्स्पोजच्या आकड्यात बोलू नका. "प्लस तीन लावलंय" हे पेटीवाल्याला कळणार नाही. "काळी दोन" म्हणा.

इथपर्यंत सोपं आहे. फसगत होते ती मेमरीच्या बटणांमुळे. यामाहावर आणि कॅसिओवर त्यांना रजिस्ट्रेशन म्हणतात, रोलँडच्या काही वाद्यांवर परफॉर्मन्स. या बटणात आपण टोन साठवतो असं सगळे समजतात. पण बऱ्याच मॉडेलांत टोनसोबत टेम्पो, स्टाइल (तयार ठेका), स्प्लिटची जागा आणि ट्रान्स्पोजसुद्धा साठवला जातो. हे कुणी सांगत नाही.

होतं काय ते सावकाश बघा. तालमीत गायक काळी एकमध्ये गायला. तुम्ही ट्रान्स्पोज प्लस एक ठेवून पहिल्या बटणात स्ट्रिंग्ज साठवली, दुसऱ्यात बासरी. कार्यक्रमाच्या दिवशी त्याचा घसा बसलाय. तो म्हणतो, अर्धा सूर उतरव. तुम्ही ट्रान्स्पोज शून्यावर आणता. स्क्रीनवर स्ट्रिंग्ज आधीच आहे, गाणं छान सुरू होतं. मुखडा संपतो, मधल्या तुकड्यासाठी तुम्ही दुसरं बटण दाबता. बासरी येते, आणि तिच्यासोबत तालमीतला प्लस एकही परत येतो. सगळा कीबोर्ड, बेस आणि कॉर्डसकट, अर्धा सूर चढतो. गायक जिथे होता तिथेच आहे. पेटीवाला तुमच्याकडे बघतो, तबलजी तबला उतरला की काय म्हणून गठ्ठ्यावर हातोडी मारायला लागतो. तुम्ही घाबरून पहिलं बटण दाबता, पण त्यातही प्लस एकच आहे. माझ्यावर हा प्रसंग खानापूर तालुक्यातल्या एका हरिनाम सप्ताहात आला. त्या रात्री मंडपातल्या कुणालाही कारण सांगता आलं नाही, मलाही नाही.

त्या क्षणी काय करायचं? बऱ्याच वाद्यांवर ट्रान्स्पोजची वर आणि खाली अशी दोन्ही बटणं एकदम दाबली की ते शून्यावर येतं. ही हालचाल डोळे मिटून जमली पाहिजे. गाणं शून्यावर नसेल तर मेमरीचं बटण दाबू नका, टोन थेट टोनच्या बटणांनी बदला. उशीर लागला तरी चालेल, पट्टी तरी हलत नाही.

कायमचा उपाय घरी करायचा. सगळी मेमरी ट्रान्स्पोज शून्य ठेवून साठवा. काही मोठ्या मॉडेलांत फ्रीझ नावाची सोय असते. तिच्यात ट्रान्स्पोजवर खूण केली की मेमरी बदलली तरी पट्टी हलत नाही. तुमच्या वाद्यात ती आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा. मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं, आणि रजिस्ट्रेशनमध्ये काय काय साठतं याचा तक्ता त्यात बहुधा असतो. बाकी मॅन्युअल नाही वाचलं तरी चालेल, तो तक्ता वाचाच. पट्टी बदलली की एकदा सगळी मेमरीची बटणं ओळीने दाबून स्क्रीनवरचा आकडा बघा. प्रत्येक गाण्याआधी बघा. कंटाळा येईल, तरी बघा.

ट्रान्स्पोजचा आणखी एक त्रास. गिटारवाला तुमच्या बोटांकडे बघून कॉर्ड धरतो. तुमची बोटं सी वर आणि आवाज डी शार्पचा असेल तर तो बिचारा चुकणारच. स्क्रीनवर दिसणारं कॉर्डचं नावही प्रत्येक वाद्यात खऱ्या पट्टीचं असेलच असं नाही. त्याला आधीच खरी पट्टी सांगा. लॅपटॉपला मिडीने जोडून रेकॉर्डिंग करत असाल, तर ट्रान्स्पोज एकाच ठिकाणी ठेवा, वाद्यात तरी नाही तर सॉफ्टवेअरमध्ये तरी. दोन्हीकडे लावलं की पट्टी दोनदा सरकते.

ट्रान्स्पोज वापरणं कमीपणाचं आहे असं म्हणणारे गुरुजी भेटतील. मला ते पटत नाही. ऐन वेळी पट्टी बदलली तर बटण वापरा, त्यासाठीच ते दिलंय. पण काळी एक, पांढरी दोन, पांढरी चार आणि काळी चार या पट्ट्या तरी बटणाशिवाय वाजवता आल्याच पाहिजेत. आणि त्या शिकायला कीबोर्डच्या क्लासपेक्षा पेटीच्या मास्तरांकडे जा, हे माझं ठाम मत आहे. पं. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांच्यासारख्या पेटीवादकाने आयुष्यभर शिकवलेलं बेळगाव हे गाव आहे. पेटीचे चांगले शिक्षक आपल्याकडे आजही मिळतात, ते सोडून मोबाइलवरच्या "सा सा रे ग" चिठ्ठ्यांवर वर्ष घालवू नका. चिठ्ठीवरून एक गाणं येतं, दुसरं येत नाही. पट्ट्यांवर दिवे लागणारे कीबोर्डही तसेच, दिवा बंद केला की हात थांबतो. ऑर्केस्ट्रातले काही जुने लोक आपलं सेटिंग दिसू नये म्हणून पॅनेल झाकून बसतात. त्यांच्या मागे लागू नका. जो दाखवतो त्याच्याशेजारी बसा, त्याच्या केबल गुंडाळा, सामान उचला.

पिच बेंड आणि मॉड्युलेशन डाव्या बाजूला असतात. पिच बेंड सोडलं की आपोआप मध्यावर येतं. मॉड्युलेशनचं चाक वेगळं असेल तर ते जिथे सोडलं तिथेच राहतं. शहनाईला कंप द्यायला ते वर नेलं आणि विसरलात, की पुढच्या गाण्याचा पियानोही थरथरतो. बेंडची मर्यादा साधारण दोन अर्धस्वरांची असते, म्हणजे चाक पूर्ण ढकललं की सा चा रे होतो. मींडेसाठी ती तेवढीच ठेवा. सा वर उभं राहून चाक हळू ढकलत शुद्ध रे पर्यंत जा, मग रे ची पट्टी दाबून कानाने ताडून बघा. रोज थोडा वेळ हे केलं तर महिन्याभरात हात बसतो. मर्यादा बारावर नेऊन सप्तकभर घसरणारे आवाज काढायची हौस नंतर भागवा.

कीबोर्डचा ए म्हणजे ४४० हर्ट्झ. मंडळातली जुनी पेटी तेवढ्यावर असेलच असं नाही. पेटीचे सूर स्टेजवर हलवता येत नाहीत, तेव्हा कीबोर्ड तिच्याजवळ न्यायचा. त्यासाठी मास्टर ट्यून असतं. दोन्हीवर एकच स्वर धरा, आवाजात लाटा येतील. लाटा मंद होत होत थांबल्या की जुळलं. ट्रान्स्पोज वेगळं, हे वेगळं. ट्रान्स्पोज एका पायरीने शंभर सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उडी मारतं, मास्टर ट्यून त्या शंभराच्या आत काम करतं. काही वाद्यांत स्केल ट्यूनही असतं, त्यात एकेक स्वर वेगळा हलवता येतो. तानपुऱ्यासोबत यमन वाजवताना शुद्ध गंधार टोचतो ना? कीबोर्डचा गंधार सा पासून ४०० सेंटवर असतो आणि तानपुऱ्यातला नैसर्गिक गंधार ३८६ वर. तो १४ सेंट उतरवून ऐका. माझ्या कानाला त्या दिवशी जे समाधान मिळालं ते नवा टोन विकत घेऊन कधी मिळालं नाही. मात्र पेटीसोबत बसायचं असेल तर हे बंद ठेवा, तिचा गंधार तुमच्याशी जुळणार नाही.

अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज ही नावं ऐकून लोक पळतात. पट्टी दाबल्यावर आवाज किती वेळात भरतो, मग किती वेळात आणि कुठवर उतरून टिकतो, बोट उचलल्यावर किती वेळात विरतो, एवढाच त्यांचा अर्थ. स्ट्रिंग्जचा टोन घ्या, अटॅक वाढवा. तोच टोन आता अभंगामागे हळूच येतो. जलद गाण्यात तोच अटॅक ठेवलात तर प्रत्येक कॉर्ड उशिरा ऐकू येईल, आणि तबलजी म्हणेल तुम्ही लयीत नाही. कटऑफ खाली आणला की आवाजाची धार जाते, वर नेला की उघडतो. आणि बदल केल्यावर साठवण्याचं बटण दाबल्याशिवाय वाद्य बंद करू नका, बहुतेक वाद्यांत सगळं पुसलं जातं.

स्टाइलबद्दल थोडंच. सिंक स्टार्ट लावलं की डाव्या हाताचा पहिला कॉर्ड पडताच ठेका सुरू होतो, फिल-इनने उठाण मिळते, एंडिंगने संपतो. केरव्याच्या आठ मात्रा चार ठोक्यांत बसवलेल्या असतात. म्हणून स्क्रीनवर ९० दिसत असेल तर मात्रा मिनिटाला १८० पडतात. गायकाने सांगितलेली लय आणि स्क्रीनवरचा आकडा जुळत नाही तो यामुळे. दादऱ्याला सहा-आठची स्टाइल चालते. रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रा चार-चारच्या स्टाइलमध्ये कोंबू नका, तबलजीला वाजवू द्या.

साऊंडवाल्याकडे एकच केबल असेल तर ती डाव्या मोनो खोबणीत लावा. उजव्या खोबणीत लावली तर स्टिरिओ टोनचा अर्धाच भाग बाहेर जातो. मंगल कार्यालयात कीबोर्डचा रिव्हर्ब जवळजवळ शून्य करा, तिथल्या भिंतीच पुरेसा घुमारा देतात. पेडलवर पाय ठेवून वाद्य चालू करू नका. बरीच वाद्यं चालू होताना पेडलची स्थिती तपासतात आणि मग ते उलटं चालतं, पाय उचलला की स्वर लांबतात. तसं झालं तर पाय काढून वाद्य बंद-चालू करा. मांडवात कुणाचा तरी अडॅप्टर मागून लावायची वेळ आली तर पिन बसते एवढ्यावर विश्वास ठेवू नका. व्होल्ट आणि पिनच्या मधल्या अधिक-उण्याची खूण वाद्यावरच्या खुणेशी जुळली तरच लावा, एरवी नाही म्हणा, आयोजक कितीही घाई करोत.