डस्ट उधळण्याआधी

बुधवारी संध्याकाळी सहाला 'पोकेमॉन गो' या मोबाइल खेळाचा रेड आवर (मिळून मोठ्या बॉसशी लढायचा तास) सुरू होतो आणि पावणेसहाला आमच्यातलं कुणीतरी हमखास फोन पुढे करतं : "हा बघ, चार स्टार! लावू का सगळी डस्ट?" तेव्हा समजावून सांगायला कुणालाच वेळ नसतो. म्हणून डस्ट, म्हणजे पोकेमॉनला बळकट करायला लागणारं खेळातलं चलन, खर्चण्यापूर्वी काय काय बघायचं ते आधीच सांगून ठेवतो. पोकेमॉनच्या अंगभूत गुणांना मिळणारे स्टार या यादीत बरेच खाली येतात.

आधी ठरवा, याला लढवायचं कुठे. पाच स्टार रेडमध्ये (इथले स्टार रेडच्या अवघडपणाचे) ३०० सेकंदांत बॉस पाडायचा असतो. तिथे सहा जणांची टीम आणि दर सेकंदाला किती मार बसतो एवढाच प्रश्न. बॅटल लीगमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या आपसातल्या लढतीत, तिघं आणि दोन शील्ड (हल्ला अडवणाऱ्या ढाली). तिथे टिकून राहणं मोठं. ग्रेट लीगला सीपीची (पोकेमॉनच्या एकूण ताकदीच्या आकड्याची) मर्यादा १५००, अल्ट्राला २५००, मास्टरला मर्यादाच नाही. जिममध्ये (नकाशावरच्या ठाण्यात) राखणीला बसवायचा असेल तर फार डोकं लावू नका, भरपूर मार सोसणारी ब्लिसी ठेवा आणि घरी जा. एकच पोकेमॉन सगळीकडे चालेल ही आशा मात्र सोडून द्या.

मग मूव्ह, म्हणजे त्याचे हल्ले, बघा. सीपीवर भुलणाऱ्यांसाठी स्लॅकिंगइतका चांगला धडा नाही. सीपी चार हजारांच्या वर जातो, छाती भरून येते, आणि त्याची फास्ट मूव्ह (सतत चालणारा छोटा हल्ला) काय, तर 'यॉन'. म्हणजे जांभई. तिने समोरच्याचं नुकसान होतं शून्य. बॉस मारतोय आणि आपला पठ्ठ्या जांभया देतोय. मेटाग्रॉसचंही तसंच : 'मिटिओर मॅश' असेल तर पोलादी हल्ल्यासाठी उत्तम, नसेल तर नुसतं धूड. ही मूव्ह ऑक्टोबर २०१८ च्या कम्युनिटी डेला (खेळातल्या खास दिवसाला) आली. अशा मूव्ह ठरावीक वेळेत उत्क्रांत केलं तरच मिळतात, नाहीतर एलिट टीएम (हवी ती मूव्ह निवडून देणारी दुर्मिळ वस्तू) खर्चावा लागतो. त्यामुळे उत्क्रांतीला लागणारी कँडी जमली रे जमली की लगेच उत्क्रांत करायची घाई नको. साध्या टीएमवर भरवसा ठेवू नका. तो काय देईल हे त्याच्या मनावर.

मूव्हला लागूनच टाइप, म्हणजे पोकेमॉनची आणि मूव्हची जात (पाणी, खडक, फायटिंग वगैरे). समोर टायरानिटार आहे समजा. तो खडक आणि अंधार अशा दोन्ही टाइपचा, आणि फायटिंगपुढे दोन्ही कच्चे. एका कच्चेपणाला १.६ पट, दोन्ही मिळून २.५६ पट. मचॅम्पकडे 'काउंटर' असेल तर स्वतःच्याच टाइपची मूव्ह म्हणून वर आणखी २० टक्के. त्याच मचॅम्पकडे 'बुलेट पंच' असेल तर नुसतेच १.६. शिकवलेला आणि न शिकवलेला यांच्यातला फरक इथे दिसतो.

आता या आकड्यांशेजारी आयव्ही, म्हणजे प्रत्येक पोकेमॉन सोबत घेऊन येतो ते अंगभूत गुण, ठेवून बघा. अटॅक, डिफेन्स आणि एचपी, प्रत्येकी ० ते १५. तिन्ही १५ तर चार स्टार, बेरीज ३७ ते ४४ तर तीन. मचॅम्पचा मूळ अटॅक २३४. आयव्ही १५ असेल तर २४९, १० असेल तर २४४. फरक दोन टक्के! रेडमध्ये या दोन टक्क्यांनी फार तर एखाददुसरा सेकंद वाचेल. चार स्टारवाला जपून ठेवा, मीही ठेवतो, पण त्याचा उपयोग आधी मिरवण्यासाठी आणि मग लढण्यासाठी.

ग्रेट लीगमध्ये तर हिशेब उलटाच फिरतो. सीपीच्या सूत्रात अटॅक जसाच्या तसा धरतात, डिफेन्स आणि एचपी वर्गमूळ काढून. म्हणजे अटॅक वाढला की सीपी भराभर चढतो. १५०० च्या आत जास्तीत जास्त चिवट गडी बसवायचा तर अटॅक शून्याजवळ आणि बाकी दोन पंधराजवळ हवेत. एक स्टार, दोन स्टार म्हणून आपण ज्यांना बिनदिक्कत ट्रान्सफर करून काढून टाकतो, त्यांच्यातच हे हिरे असतात. मेडिचॅमसारख्याची गोष्ट वेगळी. चाळिसाव्या लेव्हलपर्यंत तो १५०० ला पोचतच नाही, पुढे एक्सएल कँडीची (वरच्या लेव्हलसाठीच्या वेगळ्या कँडीची) भर घालावी लागते. ती जमणार नसेल तर त्याचा नाद नको.

उत्क्रांतीनंतर सीपी किती होईल, हे आधी काढून ठेवा. हे मी हात पोळून शिकलो. भर पावसात एक मडकिप (स्वॉम्पर्टचं पहिलं रूप) मिळाला होता, अटॅक शून्य, बाकी दोन्ही जवळजवळ भरलेले. पावसात पाणी, वीज आणि किडा या टाइपचे जंगली पोकेमॉन पाच लेव्हल वर चढून येतात, हे त्या आनंदात विसरलो. स्वॉम्पर्ट झाला तो १५१८ चा. सीपी खाली आणायची सोय खेळात नाही. पाच लेव्हलची ती फुकटची चढण अल्ट्राला वरदान, ग्रेटला शाप. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हे लक्षात ठेवावंच लागतं.

शॅडो, म्हणजे खेळातल्या खलनायक टीम रॉकेटकडून सोडवलेला पोकेमॉन, मिळाला तर शुद्ध करायचं बटण लगेच दाबू नका. शुद्ध केल्यावर तिन्ही आयव्ही दोन-दोनने वाढतात, आणि त्या मोहात भलेभले पडतात. पण शॅडोचा अटॅक मुळातच २० टक्के जास्त असतो. मार खातानाही तो तेवढाच जास्त खातो, हे खरं. रेडमध्ये कमी आयव्हीचा शॅडो शुद्ध केलेल्या चार स्टारवाल्याला सहज मागे टाकतो. शॅडोला चिकटलेली 'फ्रस्ट्रेशन' ही निकामी मूव्ह मात्र खास मोहिमेच्या दिवसांतच काढता येते, तोवर त्याला नुसतं सांभाळा.

पाकिटाचा विचार शेवटी. लीगसाठी दुसरी चार्ज्ड मूव्ह (ऊर्जा साठली की सुटणारा मोठा हल्ला) जवळपास लागतेच. मडकिपच्या घराण्याला ती १०,००० डस्ट आणि २५ कँडीत मिळते, लेजंडरीला (दुर्मिळ, बलाढ्य पोकेमॉनला) १,००,००० डस्ट आणि १०० कँडी मोजाव्या लागतात. नव्या खेळाडूने स्वॉम्पर्टपासून सुरुवात करावी असं मी म्हणतो ते यासाठीच. 'मड शॉट'ने ऊर्जा भराभर साठते, 'हायड्रो कॅनन' स्वस्तात सुटते, आणि भीती जवळपास फक्त गवताची. लकी ट्रेडमधून (मित्राशी केलेल्या नशीबवान अदलाबदलीतून) आलेल्याला पॉवर अप निम्म्या डस्टमध्ये होतं, म्हणून मास्टर लीगचे महागडे गडी शक्यतो तसेच मिळवा.

एवढं सगळं बघून झालं की त्याचं नाव बदला. बारा अक्षरं मिळतात. मी लीगचा आकडा आणि कुठली मूव्ह बाकी आहे ते नावातच लिहून ठेवतो. माझ्या त्या स्वॉम्पर्टचं नाव 'अठरा जास्त' आहे.